मित्रकीटकांच्या तक्त्यात झाड कुठे आहे?

पाठ्यपुस्तकांवर चर्चा होते, परिसंवाद होतात, वर्तमानपत्रांत पत्रे छापून येतात. शाळेच्या भिंतीवरील तक्त्यांची मात्र समीक्षा सहसा कोणी करीत नाही. एकदा टांगलेला तक्ता पंधरा-वीस वर्षे तिथेच राहतो आणि वर्गातील प्रत्येक मूल कंटाळलेल्या तासाला त्याच्याकडे पाहत असते. म्हणून तक्ता काय शिकवतो हा प्रश्न पुस्तकाइतकाच महत्त्वाचा आहे. या लेखात मी अशाच एका सर्वपरिचित तक्त्याचा आणि त्याच्या जोडीने शिकवल्या जाणाऱ्या पाठाचा विचार करणार आहे. तो तक्ता म्हणजे ‘शेतकऱ्याचे मित्रकीटक व शत्रुकीटक’.

तक्त्याचा नमुना ठरलेला असतो. डाव्या बाजूला शत्रू: मावा, तुडतुडे, पांढरी माशी, बोंडअळी, खोडकिडा. उजव्या बाजूला मित्र: ढालकिडा, क्रायसोपा, प्रार्थनाकीटक, चतुर, कोळी आणि ट्रायकोग्रामा. कोळ्याला आठ पाय असतात आणि तो कीटक नव्हे, ही चूक किरकोळ आहे. चौकस विद्यार्थी ती स्वतःच शोधून काढतो.

या तक्त्याचे श्रेय प्रथम मान्य केले पाहिजे. किडा दिसला की मारायचा, ही समजूत घराघरांत मुरलेली असताना ‘सगळेच किडे वाईट नसतात’ हे मुलांना पहिल्यांदा सांगितले ते या तक्त्याने. त्यामागे कारणही तसेच होते. घाटेअळीने सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकांना दाद देणे सोडल्याचे १९८७ साली आंध्र प्रदेशात ठळकपणे दिसून आले. फवारा वाढवला तर अळीआधी तिला खाणारे व पोखरणारे कीटकच मरतात, हा धडा त्या काळात महागात पडून शिकावा लागला. त्या धड्याचे चित्ररूप म्हणजे हा तक्ता. माझा आक्षेप त्याच्या हेतूला नाही, मांडणीला आहे. या मांडणीत दोन रकाने आहेत, पण ज्याच्यावरून हे सारे भांडण चालले आहे ते झाड कुठेच नाही.

मैत्री कोणाशी?

‘मित्र’ आणि ‘शत्रू’ हे कीटकांचे गुणधर्म नाहीत. सहा पाय असणे हा गुणधर्म आहे, अंडी घालणे हा गुणधर्म आहे. मित्र असणे हे नाते आहे, आणि नाते सांगताना दुसरी बाजू सांगावीच लागते.

पुण्यातील कोणत्याही गच्चीवर कुंडीत कढीपत्ता किंवा लिंबाचे रोप असते. त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या आणि पुढे हिरव्यागार होणाऱ्या अळ्या येतात. त्यांची पुढे मोठी, देखणी फुलपाखरे होतात. फुलपाखरांच्या तक्त्यात ती मानाने विराजमान असतात. लिंबाची रोपवाटिका असणाऱ्याला मात्र याच अळ्या नकोशा वाटतात, कारण त्या कोवळी पाने फस्त करतात. या अळ्यांच्या अंगात अंडी घालणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या असतात. त्यांचे अगदी जवळचे भाऊबंद कोबीवरील चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळ्यांना पोखरतात. कोबीच्या शेतात त्या ‘मित्र’ ठरतात. मग गच्चीवर, फुलपाखरू वाढवणाऱ्या मुलीच्या दृष्टीने, त्या कोण?

दुसरे उदाहरण पुण्याच्या इतिहासातील आहे. गाजरगवताची भारतातील ठळक नोंद आर. एस. राव यांनी १९५६ साली केली ती पुण्यातून. हे तण देशभर पसरले तेव्हा त्याच्या बंदोबस्तासाठी मेक्सिकोतून एक पाने खाणारा भुंगेरा आणला गेला. १९८३ साली तो बंगळूरला आणून तपासण्यात आला आणि १९८४ साली सोडण्यात आला. हाच भुंगेरा पुढे काही ठिकाणी सूर्यफुलाची पाने कुरतडताना दिसला आणि मोठी खळबळ उडाली. पाने खाणारा कीटक म्हणून तक्त्याच्या नियमाने तो डाव्या रकान्यात जायला हवा, परंतु गाजरगवतावर बसला असताना तो उजव्या रकान्यात जातो. कीटक तोच, त्याची भूकही तीच. बदलले ते फक्त झाड.

‘परजीवी’ या शब्दाची अडचण

तक्त्याबरोबर जो पाठ शिकवला जातो त्यात आंतरक्रियांचे प्रकार येतात: परभक्षण, परजीविता, सहजीवन. परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या शरीरावर किंवा शरीरात राहून त्याच्याकडून अन्न घेणारा, आणि साधारणतः पोशिंद्याला जिवंत ठेवणारा. ऊ, गोचीड, जंत ही नेहमीची उदाहरणे. पोशिंदा मेला तर परजीवीचे घरच बुडते, हा खुलासा मुलांना पटतो.

मग ट्रायकोग्रामाचे काय करायचे? अर्धा मिलिमीटर लांबीची ही गांधीलमाशी पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते. तिचे पिल्लू आतील सर्व द्रव्य खाऊन संपवते, अंडे काळे पडते आणि आठ-दहा दिवसांत त्यातून अळीऐवजी नवी गांधीलमाशी बाहेर येते. पोशिंद्याचा मृत्यू इथे अपघात नाही, तो ठरलेलाच आहे. ती पोशिंद्याच्या शरीरात वाढते म्हणून परजीवी, आणि त्याला मारते म्हणून परभक्षी. इंग्रजीत अशा जीवांसाठी वेगळा शब्द आहे. मराठी कृषिसाहित्यात त्यांना ‘परोपजीवी कीटक’ म्हणतात, पण शाळेत तोच शब्द उवांनाही लावला जातो. परीक्षेत ‘परजीवी पोशिंद्याला मारत नाही’ हे वाक्य बरोबर आणि शेजारच्या तक्त्यावरील ट्रायकोग्रामाही ‘परजीवी’ म्हणून बरोबर, या विसंगतीकडे शिक्षकांनी स्वतःहून लक्ष वेधावे. नवा शब्द घडवण्याची घाई नाही. ‘पोशिंद्याला संपवून मोठा होणारा परजीवी’ एवढे साधे वर्णन पुरे आहे.

अशा जीवांची संख्या अफाट आहे. परंतु गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या अन्नसाखळीत त्यांना जागा नाही, कारण त्या साखळीत खाणारा नेहमी खाल्ल्या जाणाऱ्यापेक्षा मोठा असतो. येथे खाणारा लहान असतो आणि आतून खातो. साखळीतील गवत तर केवळ सुरुवातीचा बाण काढण्यापुरते असते. ते काहीच करीत नाही, उभे राहते आणि खाल्ले जाते. पीटर प्राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध लेखात नेमका हाच मुद्दा मांडला होता: वनस्पती आणि कीटक यांचा जोडीने, किंवा कीटक आणि त्याचे शत्रू यांचा जोडीने अभ्यास करून भागणार नाही, तिन्ही पायऱ्या एकत्र पाहिल्या पाहिजेत, कारण वनस्पती मधल्या कीटकावरच नव्हे, तर त्याच्या शत्रूवरही परिणाम करते. आपल्या वर्गांत हा विचार अजून पोहोचलेला नाही.

हरभऱ्याचा दाखला

हा परिणाम किती व्यवहारातला आहे हे पाहायला परदेशी जाण्याची गरज नाही. आपला हरभरा पुरेसा आहे.

हरभऱ्याच्या शेतातून चालले की पायाला आंबट-खारट ओल लागते. पानांवरील बारीक केसांतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही आम्ले पाझरत असतात. पहाटे दव पडले असताना पिकावर स्वच्छ फडके फिरवून ते पिळायचे आणि निघालेली ‘आंब’ पोटदुखीसाठी बाटलीत भरून ठेवायची, ही पद्धत जुन्या लोकांना माहीत आहे. ही आंब झाड आपल्यासाठी नव्हे, स्वतःसाठी तयार करते. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की घाटेअळीच्या खाद्यात ऑक्झॅलिक आम्ल मिसळले असता तिची वाढ खुंटते. मॅलिक आम्लाने मात्र तसे होत नाही. म्हणजे आंब हे झाडाचे अळीविरुद्धचे शस्त्र आहे.

आता तक्त्यातील उपाय आठवा. अळीविरुद्ध ट्रायकोग्रामा सोडा. प्रयोगशाळेत तांदळावरील पतंगाच्या अंड्यांत ट्रायकोग्रामा वाढवतात आणि ती अंडी कागदाच्या पट्टीवर चिकटवून ‘ट्रायकोकार्ड’ तयार करतात. एका कार्डावर सुमारे २० हजार अंडी असतात. उसाच्या खोडकिड्यावर हा उपाय महाराष्ट्रात चांगला रुळला आहे. मग हरभऱ्यावर तो का चालू नये?

नाही चालत. इक्रिसॅटमध्येच रोमाइस, शॅनॉवर आणि झेबिट्झ यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला आणि १९९९ साली जो शोधनिबंध प्रसिद्ध केला त्याच्या शीर्षकातच ‘ट्रायकोग्रामा हरभऱ्यावर का अपयशी ठरतात’ असा प्रश्न आहे. ज्या केसांनी आणि आम्ल स्रावाने झाड अळीला तोंड देते, तेच अर्ध्या मिलिमीटरच्या या गांधीलमाशीला पानावर फिरू देत नाहीत. तुरीवरही साधारण हेच घडते. तुरीच्या शेंगांवर आणि कळ्यांवर चिकट केस असतात. ज्वारीच्या कणसावर घातलेल्या त्याच पतंगाच्या अंड्यांत ट्रायकोग्रामा मोठ्या प्रमाणात सापडतात, तर तुरीवरील अंड्यांत नगण्य. पतंग तोच, अंडी तीच, गांधीलमाशीही तीच. झाड बदलले आणि मैत्री संपली.

गंमत अशी की त्याच हरभऱ्यावर दुसरी एक गांधीलमाशी उत्तम काम करते. तिचे नाव कॅम्पोलेटिस. ती आकाराने बरीच मोठी असते आणि अंडी अंड्यांत न घालता लहान अळीच्या अंगात घालते. तिचे पिल्लू अळीला लहानपणीच संपवते आणि अळीच्या रिकाम्या कातडीशेजारी कोश विणते. अळी घाट्यापर्यंत पोहोचतच नाही. या गांधीलमाशीला प्रौढपणी मकरंद लागतो. म्हणूनच हरभऱ्यात धण्याच्या काही ओळी घेण्याचा सल्ला दिला जातो. म्हणजे इथे आणखी एक वनस्पती कथेत आली!

यात पणाला काय लागले आहे? समजा, आठवीतील मुलाने तक्ता पाहून वडिलांना सांगितले की ट्रायकोग्रामा हा अळीचा शत्रू आहे. वडिलांनी पैसे खर्चून कार्डे आणली, हरभऱ्यात लावली आणि घाटे पोखरलेच. आता ते कोणता निष्कर्ष काढतील? ‘जैविक उपाय कागदावरच बरे’ हाच. पुढच्या हंगामात ते दोन फवारे जास्त मारतील, आणि त्यात कॅम्पोलेटिसही मरेल. मुलाच्या लेखी शाळेतील विज्ञान खोटे ठरेल. तक्त्यावरील प्रत्येक शब्द खरा असूनही हे घडू शकते, कारण अर्धे वाक्य गाळले गेले आहे.

अळीचे उत्तर

झाडाला तक्त्यात आणले की अळीलाही निव्वळ ‘शत्रू’ म्हणून सोडून देता येत नाही. हरभऱ्याच्या दाण्यांत अशी प्रथिने असतात की जी अळीच्या पोटातील पाचक विकरांना बांधून टाकतात. खाल्ले तरी अंगी लागू नये, अशी ही योजना. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशोक गिरी, विद्या गुप्ता, प्रभाकर रांजेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवून दिले की घाटेअळीच्या आतड्यातील विकरे हरभऱ्याची ही संरक्षक प्रथिनेच निकामी करतात. हरभऱ्यावर जगायचे तर हरभऱ्याचे कुलूप उघडता आले पाहिजे, आणि अळीकडे किल्ली आहे. त्याच गटाने १९९९ साली पुढचे पाऊल टाकले. ही अळी ज्या वनस्पतींवर सहसा जगत नाही, त्यांच्यातील अशाच प्रथिनांपुढे तिचे तितके चालत नाही, आणि ती एकामागून एक वापरली तर परिणाम अधिक चांगला मिळतो, असे त्यांना आढळले.

हे काम शाळेत तपशिलाने शिकवावे असे मी म्हणत नाही. पण झाड आणि अळी एकमेकांना उत्तरे देत आले आहेत, ही कल्पना आठवीच्या मुलाला सहज कळते. शेतकऱ्याच्या भाषेत तर ती आधीपासून आहे. हाच एक कीटक हरभऱ्यावर घाटेअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी, कपाशीवर हिरवी बोंडअळी आणि टोमॅटोवर फळे पोखरणारी अळी होतो. आपल्या लोकांनी किड्याला झाडावरून नाव दिले. तक्ता करणाऱ्याने ते झाड पुसून टाकले.

दुसऱ्या टोकाची चूक

झाडाला विसरणे ही एक चूक, तर झाडाला माणूस बनवणे ही दुसरी. अलीकडे लोकप्रिय लेखनात ‘झाड मदतीसाठी हाक मारते’, ‘झाडाचे अंगरक्षक धावून येतात’ अशी वाक्ये वारंवार दिसतात. त्यांच्या मुळाशी भक्कम प्रयोग आहेत. अमेरिकेत टर्लिंग्स, टम्लिन्सन आणि लुइस यांनी १९९० साली दाखवले की अळीने मक्याचे पान कुरतडले की काही तासांनी मका विशिष्ट गंधद्रव्ये सोडतो आणि त्या गंधावर परजीवी गांधीलमाशी अळीपर्यंत पोहोचते. पान नुसते कापून तसे होत नाही. कापलेल्या जागी अळीची लाळ लावली तर होते. १९९८ साली डी मोरेस आणि सहकाऱ्यांना आढळले की तंबाखूच्या झाडावर घाटेअळीच्या दोन जवळच्या नातेवाइकांपैकी कोणती बसली आहे त्यानुसार गंध बदलतो, आणि त्यांतील एकाच जातीवर जगणारी गांधीलमाशी नेमके तेच झाड निवडते. आपल्या पुण्यातील आयसर संस्थेच्या २०२३ सालच्या अभ्यासातही हिमालयातील वांग्याच्या एका वाणातील जिरॅनिऑल हे गंधद्रव्य शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीच्या मादीला अंडी घालण्यापासून परावृत्त करते, असे दिसून आले आहे.

हे सारे विलक्षण आहे, पण ‘हाक’ हा शब्द त्यात भर घालत नाही, गोंधळ मात्र घालतो. हाक ज्याला मारली त्याच्यासाठी असते. गंध हवेत सुटला की तो कोणालाही मिळतो. नेदरलँड्समध्ये कोबीवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की परजीवी गांधीलमाशीने पोखरलेली अळी पान खाते तेव्हा कोबीचा गंध बदलतो आणि तो हुंगून परजीवीचा परजीवी येतो. म्हणजे अंगरक्षकाचा मारेकरी त्याच वाटेने पोहोचतो. झाडाने त्याला का बरे बोलावले असेल? हाकेच्या रूपकाकडे याचे उत्तर नाही. ‘गंधात माहिती असते आणि ज्याला ती वाचता येते तो तिचा उपयोग करतो’ असे म्हटले तर वाक्य थोडे रुक्ष होते, परंतु चुकत नाही.

वर्गात काय करता येईल?

तक्ता काढून टाकण्याची गरज नाही. दोन रकान्यांच्या मध्ये कागदाची एक पट्टी चिकटवावी आणि वर लिहावे: ‘कोणत्या झाडावर?’ ही पट्टी कोरी ठेवावी व मुलांनी वर्षभरात स्वतःच्या निरीक्षणाने भरावी. ट्रायकोग्रामापुढे ‘उसावर व ज्वारीवर होय, हरभऱ्यावर नाही’ असे लिहिले जाईल तेव्हा तक्ता खऱ्या अर्थाने पूर्ण होऊ लागेल.

ग्रामीण शाळेत डिसेंबर-जानेवारीत निळा लिटमस कागद घेऊन हरभऱ्याच्या शेतात जावे. सकाळी दव असताना कागद हरभऱ्याच्या पानावर टेकवला की तो लाल होतो. तुलनेसाठी शेजारच्या गव्हाच्या किंवा ज्वारीच्या पानावरही टेकवावा. फवारणी झालेल्या शेतात मुलांना नेऊ नये आणि पाने चाखू देऊ नयेत.

शहरी शाळेत कढीपत्त्यावरील किंवा लिंबावरील चार-पाच लहान अळ्या मलमलीचे फडके बांधलेल्या बरणीत ठेवाव्यात आणि रोज ताजी पाने द्यावीत. सर्व अळ्यांची फुलपाखरे होतीलच असे नाही. एखाद्या सुस्त अळीजवळ लहान कोश दिसले तर ‘अळी बिघडली’ म्हणून टाकून देऊ नये. त्या कोशांतून जे बाहेर येईल ते भिंगाखाली पाहावे. आणि मग मुलांना विचारावे: हा मित्र की शत्रू? वर्गात दोन तट पडतील. ते पडू द्यावेत, फक्त प्रत्येक तटाला ‘कोणाचा?’ आणि ‘कोणत्या झाडावर?’ या दोन प्रश्नांची उत्तरे द्यायला लावावीत.